निरोप्या बाहेरून द्यायचा

माझ्या मोठ्या नणंदेइतका कायमच्या जोडणीचा दुस्वास करणारा माणूस अख्ख्या मोताळ्यात सापडायचा नाही. भिंतीत बसवलेलं कपाट तिला बघवत नाही. घरातला प्रत्येक पंखा पिन काढून दुसऱ्या खोलीत नेता आला पाहिजे, असा तिचा हुकूम आहे. नवा मिक्सर घेताना तिनं जुनी भांडी पिशवीतून दुकानात नेली आणि एकेक त्यावर बसवून पाहिलं. "उद्या हा बिघडला त मी भांडे फेकू का?" हा तिचा सवाल. तो दुकानदार आता तिला लांबून पाहिलं की आधी चहा सांगतो.

आम्ही दोघी घरातूनच वेबसाइट बनवतो. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, म्हणून कुठल्या भागात पाणी कधी सुटणार हे घरोघरी एसएमएसनं कळवणारं अ‍ॅप आम्ही केलं. एसएमएस कंपनीचा कोड मी सरळ वेळापत्रकाच्या क्लासमध्येच, म्हणजे पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या कोडच्या भागातच, लिहिला होता. तो वाचून ताईनं खुर्ची मागे सरकवली.

"काऊन वं, वेळापत्रकाले कंपनीचं नाव कायले माहीत पायजे? निरोप पाठवणारा कोणीतरी हाय, एवढं त्याले पुरे. तो कोण, ते बाहेरून द्यायचं."

"पण ताई, कंपनी एकच तर आहे."

"आज एक हाय."

तिनं सगळं पुन्हा लिहून घेतलं. कोणता निरोप्या द्यायचा हे आता एकाच फाईलीत, एका ओळीत ठरायचं. पुस्तकात याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. त्यामुळे भाऊजी बराच काळ आमचं काम दवाखान्याचं समजत होते.

उन्हाळ्यात एका सकाळी एसएमएस जाणंच थांबलं. दुपारी बाजारामागच्या भागात पाणी सुटायचं होतं आणि कंपनीत कुणी फोन उचलेना. ताईनं पदर खोचला. रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर ऐकवणारी दुसरी सेवा होती. तिच्यासाठी नवा निरोप्या लिहिला, "नळ येऊन राह्यला, गुंड-बादल्या भरून घ्या," असं स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलं, आधी स्वतःच्या फोनवर वाजवून पाहिलं आणि मग ती एक ओळ बदलली. वेळापत्रकाला हातही लागला नाही. नळाच्या आधी घरोघरी फोन वाजले.

मी बघायला गेले. एकट्या राहणाऱ्या एक आजी, फोन बंद झाल्यावरही तो कानाला धरून बोलत होत्या.

"हाव वं माय, भरून घेतो. तू घरी कई येशीन?"

हे सांगितल्यावर ताई आधी हसली, मग यादीत त्या आजींचा नंबर शोधायला लागली.

पुढे एसएमएस सुरू झाले, ओळ परत बदलली. पण त्या आजींच्या नंबरापुरता तिनं आवाजाचाच निरोप्या ठेवला.

"एका माणसासाठी एवढं?" मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली.

दिवाळीनंतर आजींना मुलानं पुण्याला नेलं. तो नंबर बंद आहे. पाण्याच्या दिवशी स्क्रीनवर त्याच्यापुढे 'फोन लागला नाही' असं उमटतं. ताई ते वाचते, चष्मा पुसते आणि पुढच्या भागाची वेळ बघायला लागते.