बिडी सुटल्यावरची काडीपेटी

चिकलठाण्याच्या कारखान्यात आम्ही जेवणाच्या सुट्टीत सिगारेट ओढायला फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जमायचो. शेजारच्या कारखान्यातला एक फिटर तिथं रोज यायचा. डॉक्टरनं त्याची बिडी बंद केली होती, पण शर्टाच्या वरच्या खिशात काडीपेटी असायचीच. कुणी सिगारेट ओठांत धरली की हा पुढं व्हायचा, वाऱ्याला पाठ करायचा आणि दोन्ही हातांचा आडोसा करून काडी धरायचा. मग धूर चुकवत आमच्यातच उभा राहायचा. खोकला आला की तोंड फिरवायचा.

"बिडी सोडली, मग ही काडीपेटी कशाला बाळगता?" मी एकदा विचारलं.

"बिडीचं काय नाय हो, ती सुटली," तो म्हणाला. "पण माणसांत नुसतं उभं राहायला लई जड जातंय."

मला ते तेव्हा पटलं नाही. पुढं तो यायचा बंद झाला. नावच माहीत नव्हतं, चौकशी तरी कुणाची करणार?

आता माझीही सिगारेट सुटली आहे. लिंबाखाली मात्र मी रोज जातो. कुणी सिगारेट काढली की वाऱ्याला पाठ करून उभा राहतो आणि खिशात हात घालतो.