दुसऱ्या चाळणीची ओळ

माझ्या घरातल्या कपाटाच्या दोन फळ्या वह्यांनी भरल्या आहेत. त्यांतल्या एका वहीत, एका पानावर, एक ओळ आहे. त्या ओळीबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही — कमिटीत नाही, बायकोपाशी नाही, देवापुढे हात जोडून उभा असतानाही नाही. आता का काढतो आहे? त्याला निमित्त झालं ते सांगतो.

यंदा स्वातंत्र्य आलं आणि धुळ्याच्या आमच्या कुस्तीच्या मैदानावर झेंडा लागला. दुसऱ्याच दिवशी कमिटीचे अध्यक्ष नाना म्हणाले, "भाऊ, मैदानाचा इतिहास लिहून काढा. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? सगळं तुमच्या वह्यांत आहे."

सगळं माझ्या वह्यांत आहे, हे खरं. मी कापसाच्या एका जिनात भांडारावर आहे. कुठलं पट्ट्याचं कातडं कुठल्या खणात आहे हे डोळे मिटून सांगू शकतो, तरी आधी वही बघतो. मैदानाचा चिटणीस झालो तो या सवयीमुळेच. नाना थट्टा करायचे, "भाऊ आपल्या चितेच्या लाकडांची यादीसुद्धा स्वतः करून ठेवील, आणि वर बरोबरची खूणही करून जाईल." मीही हसायचो. खोटं कशाला सांगू — मला त्या थट्टेचा अभिमान वाटायचा.

तर इतिहास लिहायला बसलो. पहिली पानं सरळ गेली. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास पांझरेच्या काठी नुसती मोकळी जागा होती. मधे कुस्तीच्या मातीचा हौदा, भोवती बसलेली माणसं, त्यांच्या मागे बैलगाड्यांवर उभी राहिलेली माणसं, आणि निंबाच्या झाडांवर बाकीची. एवढंच मैदान. पण इंदूरचे, कोल्हापूरचे, पंजाबातले मल्ल तिथे खेळून गेले. का येत होते? बक्षिसासाठी नव्हे, ती दुसरीकडे याहून मोठी होती. ते मातीसाठी येत. आमच्या हौद्यातल्या मातीत पाय रुतत नाही आणि अंग सोलत नाही, अशी तिची ख्याती होती. आणि ती माती दगा आबांच्या हातची होती.

आबांबद्दल आधी सांगायला हवं. साधा शेतकरी माणूस, अक्षरओळख नाही. तरुणपणी चार कुस्त्या खेळले होते, पुढे हौदा सांभाळू लागले. माती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचा, रोज उलटीपालटी करायची. कधी काय घालायचं ते त्यांच्या डोक्यात असे. मूठभर माती दाबून, उघडून बघत आणि सांगत, "आज ताक मांगस" — आज ताक मागते आहे. आमच्याकडे पद्धत अशी, की कुस्त्या सुरू व्हायच्या आधी मारुतीची पूजा झाली की हौद्यातली पहिली मूठ आबांनी उचलायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाच्या हातावर त्यातली चिमूट द्यायची. मोठमोठे मल्ल वाकून ती घेत.

मग दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी काही वर्षं आम्ही मैदान नवं करायला काढलं. काळ्या दगडाच्या चढत्या पायऱ्या, पाहुण्यांसाठी पत्र्याचं छप्पर, दोन दरवाजे, मल्लांना कपडे बदलायला खोल्या. हौदाही मधोमध नवा खणला. त्या वर्षभराची वही माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुबक वही आहे. रोज सकाळी मी हौद्याच्या काठी उभा राहून यादी मोठ्यानं वाचायचो, ज्याचं काम त्यानं ऐकायचं, झालं की मला सांगायचं, मी खूण करायचो. वहीत नाही ते काम नाही, आणि खूण झाली ते काम झालं — हा नियम मी सगळ्यांना लावला.

आबांनाही लावला.

इथे थोडं थांबतो. हे वाक्य साधं दिसतं, पण त्यातच पुढचं सगळं आहे. वीस वर्षं ज्या माणसानं माती डोक्यानं आणि मुठीनं सांभाळली, त्याला मी वर्षभरात वहीची सवय लावली. आधी ते हसायचे. मग आपणहून विचारू लागले, "काय भाऊ, मन्हं काय शे आज कागदवर?"

नव्या मैदानाची पहिली कुस्ती ठरली. पाहुण्यांना पत्रं गेली. पाथरवट मात्र मागे पडले होते. पायऱ्यांचे दगड हौद्यापासून हाकेच्या अंतरावर घडवले जात होते. मी म्हणालो, माती भरून घेऊ, म्हणजे ती मुरेल. आबांनी मान हलवली.

"पाथरवट उठू दे, भाऊ. मंग भरू. छिलपा उडतस."

छिलपे म्हणजे दगडाच्या कपच्या. त्या उडत होत्या हे मलाही दिसत होतं. पण तारखा माझ्या होत्या. मी म्हणालो, "आबा, हौद्यावर ताडपत्री टाकतो. शिवाय पाथरवट गेले, की माती पुन्हा एकदा चाळू. मी सांगेन तेव्हा चाळा." आबा म्हणाले, "तू सांगजो मंग." आणि आम्ही माती भरली. जुन्या हौद्यातली माती आबांनी स्वतः टोपल्यांनी वाहून आणली, नव्या मातीत विरजणासारखी कालवली.

ती दुसरी चाळण मी वहीत लिहिली नाही. तोंडी बोलणं झालं, लिहायचं राहिलं. ताडपत्री टाकली. मग पाहुण्यांच्या खुर्च्या आल्या, त्यांच्यावर धूळ बसू लागली, म्हणून ती ताडपत्री हौद्यावरून काढून खुर्च्यांवर घातली. हेही माझ्याच सांगण्यावरून.

कुस्त्यांच्या आदल्या दिवशी दुपारी पाथरवट उठले. आबा तिथे नव्हते. बाहेरगावचे वस्ताद चाळीसगावला उतरणार होते, आणि त्यांना ओळखणारे आबाच, म्हणून मी त्यांना सकाळच्याच गाडीनं पाठवलं होतं. माझ्या हाताशी मोजकी माणसं. मी हौद्याजवळून गेलो, आणि मला आठवलं.

हो, आठवलं. इथे माझ्याकडे एक सोयीचा शब्द होता — विसरलो. पण मी विसरलो नव्हतो. मी उभा राहून हौद्याकडे पाहिलं. वर हळद शिंपडलेली होती, कडा सारख्या केल्या होत्या, दिसायला हौदा देखणा होता. चाळायचा तर सगळी माती उपसायची, संध्याकाळ जाणार, आणि खुर्च्या मांडायच्या बाकी. माझ्या मनात काय आलं? — वहीत नाही ना हे काम. एवढंच आलं. मी माणसांना खुर्च्यांना लावलं.

दिवस मावळताना आबा वस्तादांना घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काही ऱ्हायनं का, भाऊ?"

मी वही उघडून त्यांच्यासमोर बोट फिरवलं. सगळ्या ओळींवर खुणा होत्या. म्हणालो, "सगळं झालं, आबा." ते समाधानानं बसले, पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी तिसरी कुस्ती उत्तमची होती. उत्तम साक्रीकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याचं नाव झालं होतं आणि आणखी व्हायचं होतं. त्यानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला, झेप घेतली, सगळा भार उजव्या गुडघ्यावर टेकला, आणि तसाच राहिला. लोकांना वाटलं, डाव आहे. मग माती लाल झाली. बोटाएवढी काळी कपची गुडघ्याच्या वाटीखाली घुसली होती. जखम भरली, पण पाय पुन्हा नीट वाकला नाही. त्याची कुस्ती त्या दिवशी संपली.

कुस्त्यांनंतर तिसऱ्या दिवशी कमिटी बसणार होती. सकाळी मी घरी वही उघडली. आबांच्या कामांच्या ओळींखाली एक जागा कोरी होती — दोन माणसांच्या कामांमध्ये मी नेहमी एक ओळ सोडतो. त्या जागेत मी लिहिलं: ‘माती पुन्हा चाळणे. आबांना सांगितलं. माणसं त्यांनी लावून जावं.’ शाई तीच, दौत तीच, हात तोच. खूण केली नाही. खूण नसणं हेच तर दाखवायचं होतं. लिहून झाल्यावर टीपकागदानं टिपलं आणि चहा घेतला. अपराधी वाटलं का? नाही. मला ते एखादी राहून गेलेली नोंद करण्यासारखं वाटलं. आज दहा वर्षांनी सांगतो — तसंच वाटलं.

कमिटीत नानांनी विचारलं, तेव्हा मी पान वाचून दाखवलं. आवाज रोज सकाळी यादी वाचायचा तोच.

मला वाटलं होतं आबा भांडतील. भांडले असते तर मी काय केलं असतं, माहीत नाही. कदाचित तिथेच मोडलो असतो. पण ते उठून माझ्यापाशी आले. वहीवर बोट ठेवून म्हणाले, "कोठे शे?" मी ओळ दाखवली. वाचता येत नसलेला तो माणूस त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला,

"माले याद नही. पन कागदवर शे, म्हंजे तू सांगेल व्हई. मनीच याद गयी."

मला आठवत नाही. पण कागदावर आहे, म्हणजे तू सांगितलं असशील. माझीच आठवण गेली. एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यात ठेवलेल्या हौद्याच्या फावड्याकडे पाहिलं, आणि नानांना सांगितलं, की आता हे काम दुसऱ्याकडे द्या. कुणी काढलं नाही त्यांना. त्यांनी स्वतःच स्वतःला काढलं. नाना घरी जाताना मला म्हणाले, "वय झालं की असंच होतं. तुमची वही होती म्हणून कळलं तरी."

यापुढचं जास्त वाईट आहे.

आबांची स्मृती चांगली होती. वीस वर्षांपूर्वीच्या कुस्तीत कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं हे ते सांगत. त्या दिवसानंतर त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. जेवलो का, हे सुनेला दोनदा विचारू लागले. विहिरीवर जाऊन परत फिरत — मोट सोडली होती ना मी? आणि उपरण्याला गाठी मारू लागले. एका कामाला एक गाठ. आठवड्याच्या बाजाराला धुळ्यात आले, की जिनात माझ्याकडे येत, उपरणं पुढे करत. "भाऊ, ही कशानी गाठ? तुले म्हाईत व्हई." मला कसं ठाऊक असणार? तरी मी विचार केल्यासारखं करून काहीतरी सांगायचो — बैलाची पेंड, जावयाला निरोप. त्यांना बरं वाटायचं. दरवर्षी कुस्त्यांच्या आधी एक मोठी गाठ असायची. तिच्यासाठी मात्र ते मला विचारत नसत. "ही मातीनी," म्हणत. "दुसरी चाळण. औंदा तरी इसरू नका." आता माती दुसराच माणूस बघत होता, तरी ते सांगायला येत. मी म्हणायचो, "हो आबा, वहीत लिहितो."

एकदा जिनाच्या कामानं साक्रीच्या बाजारात गेलो होतो. उत्तम भेटला. पाय ताठ ठेवून कांद्याच्या ढिगामागे बसला होता. मला बसायला पोतं दिलं. निघताना म्हणाला, "आबाले सांगा, मना मनमा राग नही. म्हातारा माणूस शे. व्हस चूक."

हा निरोप मी आबांना पोचवला. का पोचवला? मी निरोप लिहून घेतो आणि पोचवतो, म्हणून. उत्तमनं माफ केलं हे ऐकून आबा माझ्यासमोर रडले, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? भांडाराच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांना पाणी दिलं.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. दहाव्याला मी गेलो, तेव्हा सुनेनं ते उपरणं आणून दाखवलं. तिनं विचारलं, "भाऊ, या गाठी सोडू का ऱ्हाऊ देऊ?" मी म्हणालो, "राहू द्या."

आता इतिहास. नानांचं म्हणणं, अपघाताचाही उल्लेख हवा, कारण त्यानंतरच आपण नियम केला, की पाथरवट उठल्याशिवाय हौदा भरायचा नाही. मी तो परिच्छेद लिहिला. वहीत आहे तसाच लिहिला: सूचना दिली होती, वयपरत्वे विस्मरण झालं. सुरेख उतरला. सगळी पानं छापखान्यात गेली. चार दिवसांनी मी जाऊन ते एक पान परत मागून आणलं, आणि त्याच्या जागी हे ठेवतो आहे. छापायचं की नाही ते कमिटीनं बघावं. एक नक्कल उत्तमला पाठवतो आहे, एक आबांच्या घरी मी स्वतः वाचून दाखवणार आहे. ती वही कपाटातून काढून नानांच्या टेबलावर ठेवली आहे, त्या पानात खुणेचा कागद घालून.

त्या पानावर आबांच्या नावाखालची शेवटची ओळ कुस्तीनंतर तिसऱ्या दिवशी लिहिलेली आहे. ती मी लिहिली. आबा काही विसरले नव्हते. त्यांना मी सांगितलंच नव्हतं.