गाडग्यातल्या पाहुण्याचं घर

पंचमी होऊन चार दिवस लोटले तरी मनुबाईच्या घरातला नाग गाडग्यातच होता, आणि त्यापायी बाईला घास गिळवत नव्हता. शिराळ्यात असं कधी होत नसे. पंचमीआधी नाग धरायचा, नव्या गाडग्यात ठेवून तोंडाला फडकं बांधायचं, आढ्याला टांगायचं, बेडूक-उंदीर घालून जपायचं, सणाला पुजायचा आणि मग धरला त्याच जागी नेऊन सोडायचा. दुसरीकडं सोडला तर तो बेघर होतो, म्हणून हा नेम कुणी मोडत नसे.

धरणारा दरसालचा, तिचा सासरा आकाराम. म्हातारा भारी तऱ्हेवाईक. कुठं धरला ते घरच्यांनाही सांगायचा नाही. जागा फुटली की पुढच्या साली दुसरा कुणी नाग उचलतो म्हणायचा. यंदा मिरवणुकीहून आला, गाडगं टांगलं आणि तिथंच कोसळला. उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. आता जागा सांगणार कोण?

"ओढ्याच्या कडंला सोडतो की. जनावराला काय, बीळ दिसलं की घर," नवरा ज्ञानू म्हणाला. माणूस सरळ, पण त्याला बाईच्या पोटातलं काय कळणार. मनुबाईनं त्याला गाडग्याला हात लावू दिला नाही.

तिचा एकुलता भाऊ जोतिबा पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या लढाईत होता आणि सात महिने त्याचं पत्र नव्हतं. आईबापामागं त्याला तिनंच वाढवलेला. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपास धरतात, नागाला भाऊ मानतात. यंदा तिनं पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. हा भाऊ परक्या बांधावर टाकला तर तो भाऊ घरी कसा यायचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. पण सात महिने टपालवाल्याची वाट पाहिलेल्या बाईला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये.

घातलेला बेडूक तसाच होता. नाग खाईना, सारखा फुसफुसे. मनुबाईही तशीच, अंगणातून सोप्यात, सोप्यातून परड्यात. भाकरी करपली, दूध उतू गेलं. पाचव्या सकाळी ती सासऱ्याच्या उशाशी बसली आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

"मामंजी, मी जागा सांगती. बरूबर असंल तर हात दाबा."

वारूळ झालं, पाणंद झाली, कोंडीबाच्या शेताचा बांध झाला, मसणवटीमागची दगडं झाली. हात हलेना. म्हातारा तिच्याकडं बघायचं टाळत होता. जन्मभर रोखून बघणारा हा माणूस आज नजर का चुकवतो, असं मनात आलं आणि माहेरच्या बंद घराची किल्ली त्याच्याचकडं असते हे तिला आठवलं.

"माज्या म्हायारातनं धरला व्हय?"

हात दाबला गेला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

माहेरचं, म्हणजे जोतिबाचं, बंद घर कोसभर लांब. आकाराम अधूनमधून जाऊन बघून यायचा आणि दरवेळी घर ब्येस हाय म्हणून सांगायचा. ज्ञानूला संगं घेऊन मनुबाई गाडगं डोक्यावर ठेवून निघाली. कुलूप उघडलं तर मागची भिंत बसलेली, चुलीत गवत उगवलेलं, शेजारी हे मोठं बीळ. म्हाताऱ्यानं काय लपवलं ते तिला कळलं. राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

फडकं सोडून ज्ञानूनं गाडगं आडवं केलं. नाग थोडा थांबला, मग चुलीला वळसा घालून सरळ बिळात गेला.

"भिंत उद्याच घालाय घ्या," मनुबाई नवऱ्याला म्हणाली. "पर बीळ बुजवू नगा. तो येईपातूर घरात कुणीतरी पायजे."

मग पदर खोचून ती चुलीतलं गवत उपटायला बसली. पलटणीत जोतिबाला चहाची सवय लागली होती, आल्या आल्या मागेल.