तिसऱ्या मजल्यावरचा पॉइंट

मी पोलिसात भरती झाले तेव्हा गस्तीच्या वह्या होत्या. ठरलेल्या ठिकाणी टांगलेल्या वहीत सही करायची, वेळ टाकायची आणि पुढं जायचं. मग वह्या गेल्या आणि शहरभर भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे स्टिकर आले. मोबाइल समोर धरला की टुण्‌ वाजतं, हिरवी खूण येते आणि कंट्रोल रूमला कळतं की अमुक अंमलदार अमुक वाजता इथं उभी होती. उभी राहून तिनं काय केलं, ते मात्र कळत नाही. ही सोय मी पहिल्याच आठवड्यात हेरली होती.

बँका, एटीएम, शाळा आणि एकटे राहणारे म्हातारे, अशी माझ्या स्कूटरवरच्या पॉइंटांची यादी. त्यात चिकलठाण्याच्या एका नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एक बाबा राहायचे. मूळचे पिशोरकडचे, उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इथल्या फ्लॅटमध्ये आणलं आणि वर्षभरात तो स्वतः बदली होऊन पुण्याला गेला. बाबांच्या दाराच्या चौकटीवर आमचा स्टिकर होता. एक दिवसाआड जायचं, विचारपूस करायची आणि स्कॅन करायचं, असा आदेश होता.

त्यातलं शेवटचं तेवढं मी नेमानं करत होते. लिफ्टच्या दारात हेल्मेट अडकवून ठेवायचं, चार ढांगांत चौकट गाठायची, टुण्‌, आणि परत. ॲपमध्ये ‘विचारपूस केली’ अशी एक ओळ असते, तिच्यापुढं बिनदिक्कत खूण करायची. क्रांती चौकातला बंदोबस्त उरकून वर एवढे पॉइंट करायचे म्हटल्यावर माणसानं बसावं कुठं आणि बोलावं काय?

खंडेनवमीला घोडं अडलं. सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफली, बेड्या, वायरलेस, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि माझ्या स्कूटरला झेंडूचा हार. दुपारी तिसऱ्या मजल्यावर पोचले तर स्टिकरवर हळदीचा मळवट, त्यावर कुंकवाचं बोट आणि वर एक झेंडू खोचलेला. मोबाइल जवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. टुण्‌ काही होईना. शेवटी बेल वाजवली.

दार लगेच उघडलं.

“बाबा, हे काय करून ठेवलंत?”

“आज हत्याराची पूजा असती ना, बाई. माझ्या घरात हत्यार कुठलं? काठीला लावलं, मग तुमच्या यंत्राला बी लावलं.”

सकाळीच मी स्वतः कॉम्प्युटरच्या माउसला कुंकू लावून आले होते. ओलं फडकं मागितलं. ते येईपर्यंत आत बसले, पुसून होईपर्यंत चहा आला. पुढचे दोन पॉइंट उशिरा पडले, म्हणून उतरताना मी बाबांच्या नावानं बोटं मोडली.

दिवाळी झाली आणि स्टिकरवर पुन्हा कुंकू. बेल वाजवली तर म्हणाले, “आज पुनव.” पुढं अमावस्या आली. मग चंपाषष्ठी आली. म्हाताऱ्याचं देवदेव वाढलंय, असं मला वाटलं. पुसून पुसून स्टिकर असा फिका पडला की दोनदा स्कॅनच झाला नाही. साहेबांनी बोलावून घेतलं. “तो पॉइंट दोनदा चुकलाय. नवीन स्टिकर घ्या आणि खाली गेटवर लावून टाका. वर जायचंच कारण नाही.”

मी मनातून खूश झाले, खोटं कशाला बोलू? तरी एकदा सांगून यावं म्हणून वर गेले आणि बेल वाजवली.

“बाबा, आता स्टिकर खाली गेटवर लावतेय. तुम्ही सुखानं पूजा करा.”

बाबा दार धरून उभे राहिले. “मग वर कोण येणार?”

“काही लागलं तर फोन करा, येऊ की आम्ही.”

“पुनव-बिनव काय नव्हती, बाई,” ते एकदम म्हणाले. “पैल्या बारीला खरंच नेम म्हणून लावलं. तवा तुम्ही बेल वाजवली, आत बसल्या. त्याच्या आधी म्या खुर्ची दाराशी लावूनच बसायचो. यंत्र टुण्‌ वाजायचं. म्या उठून दार उघडेस्तोवर लिफ्ट खाली. मंग मुद्दामच लावाय लागलो.”

मला लाज वाटली. आणि अंगात खाकी असताना लाज वाटली की आधी आवाज चढतो, तसा माझाही चढला. “सरकारी वस्तू खराब करणं गुन्हा आहे, ठाऊक आहे का?”

“व्हय? मग न्या की ठाण्यात. तिथं माणसं तरी असत्याल.”

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. आत जाऊन बसले आणि तिथूनच साहेबांना फोन लावला. “साहेब, गेटवर नको. घरात भिंतीवर लावते, तिथं खराब होणार नाही.” साहेब म्हणाले, “स्कॅन होतोय ना? मग कुठंही लावा.” माझ्या त्या खोट्या खुणांचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. इथं पहिल्यांदाच लिहितेय.

स्टिकर भिंतीला छातीच्या उंचीवर धरला. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

“खाली घ्या.”

खाली घेतला.

“अजून खाली. हां, तिथं. बसल्याबिगर दिसू नये.”

तिथंच चिकटवला. मग समोरच्या खुर्चीत बसून मोबाइल धरला. टुण्‌ झालं, ‘विचारपूस केली’ ही ओळ समोर आली. तिच्यावर बोट टेकवायच्या आधी मी विचारलं, “बाबा, जेवलात का?”