देवरे बाईंचा ळ

देवरे बाई कुणाचीही परीक्षा एकाच वाक्याने घ्यायच्या. "तळ्याकाठची काळी शेळी माळावर पळाली. म्हण." शाळेत नवीन आलेलं पोर असो, नवीन लागलेली शिक्षिका असो की घरी भांडी घासायला आलेली बाई असो, आधी ती शेळी पळवून दाखवायची आणि मगच पुढचं बोलायचं. आम्ही लिंबायतची पोरं. आमच्या आईबापांनी खानदेश सोडून सुरतेत कापडाचे लूम धरलेले, आणि आमच्या घरांत ळ हे अक्षरच नव्हतं. अहिराणीत ळ चा य होतो. आमची शेळी शेयी, काळी ती कायी, आणि शाळा म्हणजे शाया.

"कायी नाही, काळी! जीभ टाळ्याला लाव. टाळ्याला रे! देवाने फुकट दिलीय ना, मग वापर की जरा," असं म्हणत बाई पट्टी उगारायच्या. ळ आला नाही तर ती हातावर बसायची, आणि आला तर बाई अशा खूश व्हायच्या की पोराला वाटावं आपण आता कलेक्टरच झालो. बाई स्वतः शिरपूरकडच्या, लहानपणी त्याही शायेतच गेलेल्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांच्या बोलण्यात त्याचा मागमूस नव्हता.

एकदा पालकसभेला माझी आई आली. ती घरी बसून साड्यांना लेस लावायची. त्या दिवशी काम बाजूला ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि भरल्या वर्गात तिने विचारलं, "मना रवी शायामा नीट वागस ना, बाई?" मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी उत्तर दिलंच नाही. त्या म्हणाल्या, "आधी घरी याच्याशी शुद्ध बोलत जा. नाही जमलं तर कमी बोला. तुमच्यामुळे याची जीभ बिघडते."

आई "हाव" म्हणाली आणि खाली बसली. वाईट असं, की तिने ते पाळलं. मला काही सांगायचं झालं की ती आधी मनात शब्द जुळवायची, ते जुळायचे नाहीत, मग राहू दे म्हणायची. माझं मराठी सुधारलं, वक्तृत्वाची बक्षिसं आली, पुढे बँकेत लागलो. आई गेली तोवर आमच्यात जेवलास का, आलास का, एवढंच उरलं होतं. सत्कारात वगैरे लोक म्हणतात की देवरे बाईंनी याला घडवलं. घडवलं हो. घडवताना काय काय तासून टाकलं, ते कुणी विचारत नाही.

तरी मी दर रविवारी डिंडोलीला बाईंच्या घरी जायचो. राग होता, आणि मायाही होती. मला कॉलेजात घालायला बाप तयार नव्हता, तेव्हा त्याच्याशी येऊन भांडल्या त्या बाईच. शिवाय त्यांच्याकडे दुसरं येणार कोण? शाळेतले मराठी वर्ग मुलं नाहीत म्हणून बंद झाले होते. यजमान गेले होते. मुलगा किशोर हजीऱ्याला एका कंपनीत साहेब, राहायला अडाजणला. तापी ओलांडली की आलं आईचं घर, पण त्याला ती तापी म्हणजे समुद्र वाटायची.

त्यात बाईंना काचबिंदू झाला. डावा डोळा गेलाच होता, उजव्याचंही दिसणं चहूबाजूंनी आवळत चाललं होतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाईंना त्याचं दुःख एकाच गोष्टीसाठी. रोज सकाळी खानदेशचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय त्यांचा चहा उतरायचा नाही. भिंग घेऊन वाचत, मग भिंगही पुरेना. "रवींद्र, आंधळी झाले तर होईन. पण कुणीतरी मला वाचून दाखवलं पाहिजे. मुकं घर मला सोसायचं नाही," त्या म्हणाल्या. किशोरच्या कानावर घातलं, तर त्याने टॅब आणून दिला. येऊन वाचून दाखवणं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

टॅब चांगला मोठा होता. पण त्याच्यात आयता जो ब्राउझर होता, तो काही बाईंचं ऐकेना. "हा ब्राउझर म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "इंटरनेटवरचं पान ज्यातून दिसतं ना बाई, ते."

"म्हणजे चष्मा. मग नंबर बघून घेऊ या. दुकानदाराने नाकावर ठेवला तो का घालायचा?"

आणि बाईंनी परीक्षा मांडली. पेपर जुनाच. मी शेळीचं वाक्य टाईप करायचं, ब्राउझरला मोठ्याने वाचायला सांगायचं, आणि बाई डोळे मिटून ऐकणार. आयत्या ब्राउझरने आधी विचारलं, हे पान हिंदीत आहे, गुजराती करून देऊ का? बाईंचा पारा चढला. "हिंदीत? याच्या बापाने वाचलं होतं का हिंदीत?" मग त्याने गोड हिंदी आवाजात वाचलं, "तल्याकाठची काली शेली मालावर पलाली." बाईंनी पट्टी शोधावी तसा हात बाजूला नेला. "नापास. बसव खाली."

दुसरा ब्राउझर मी बँकेत वापरायचो. त्याचा ळ बरा होता, पण पानावर जाहिरातींचा बाजार. बाईंचं बोट आधीच थरथरायचं. बातमीवर टेकवायला जावं तोवर पान सरकायचं आणि बोट पडायचं भलत्याच ठिकाणी. धुळ्याच्या पाण्याची बातमी उघडायला गेल्या आणि समोर आली वधू-वर मंडळाची जाहिरात. "या वयात? चल, नापास," म्हणाल्या, पण हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

तिसरा मी हुडकून काढला. नाव कुणाला ठाऊक नसलेलं. पण तो जाहिराती गाळायचा, नुसता मजकूर ठेवायचा, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करायचा आणि बटणंही बोटाला सापडतील अशी खाली द्यायचा. मुख्य म्हणजे वाचणारा आवाज कुठल्या भाषेचा ते आपण ठरवायचं. मी मराठी आवाज उतरवून घेतला, जोडला, आणि बाईंनाच बटण दाबायला सांगितलं. "तळ्याकाठची काळी शेळी माळावर पळाली." कोरा करकरीत ळ. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "पास. मॉनिटर कर याला."

तो पावसाळा चांगला गेला. बाई सकाळी चहा घेऊन टॅबपुढे बसायच्या, पेपर ऐकायच्या, आणि मी गेलो की मलाच खानदेशच्या बातम्या सांगायच्या. मग माझी कडोदऱ्याच्या शाखेत बदली झाली, मार्चची कामं अंगावर आली, आणि काही रविवार हुकले.

नंतर गेलो तर टॅब कपाटावर, धूळ खात. बाईंनी सांगायचं टाळलं, मग चिडून सांगितलं. किशोर आला होता. टॅब उघडून म्हणाला, "मम्मी, आ शुं नाख्युं छे?" हे काय भरून ठेवलंस, अनोळखी ॲप, बँकेचे पैसे जातील, तुला काय कळतं, असं सगळं गुजरातीत. काढून टाकलं, आणि पहिलाच तो आयता ब्राउझर पुन्हा बसवून गेला. बाईंनी सांगून पाहिलं की अरे, याला ळ येत नाही. तो म्हणाला, "ळ नुं शुं काम छे?"

"ऐकलंस?" बाई मला म्हणाल्या. "ळ चं काय काम आहे, हे विचारताना सुद्धा त्याचा ळ पक्का होता. शिकवलाय ना मी. फक्त भाषा तेवढी दुसरी निघाली."

मला किशोरचा असा संताप आला की त्याला फोन लावायला निघालो. बाईंनी हात धरला. "राहू दे. मुलगा आहे माझा." आणि हात धरताना तो त्यांना आधी सापडला नाही, हवेत चाचपडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मधल्या काळात उजवा डोळाही गेला होता. त्या काळोखात त्या मुक्या घरात बसून होत्या, कारण काली शेली ऐकण्यापेक्षा त्यांना न ऐकणं पत्करलं होतं.

मी तिथंच बसून तो ब्राउझर परत उतरवला, मराठी आवाज जोडला, आणि म्हटलं, "ऐका बाई." आवाजाने शेळी पळवली. ळ तसाच कोरा. बाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद कर."

"का हो बाई? चुकला का?"

"नाही. बरोबर म्हणाला. पण हल्ली दिसत नाही ना, तर आतलं फार ऐकू येतं. माझी आजी मला हाका मारायची, तसल्या हाका. यातला एखादा अहिराणी बोलतो का रे?"

"नाही बाई."

"नीट शोधलंस?"

मी त्यांच्यासमोर पुन्हा शोधलं. भाषांची लांबलचक यादी वरून खालपर्यंत वाचून दाखवली. जगातल्या कुठल्या कुठल्या भाषा त्यात होत्या, आपली नव्हती. बाई म्हणाल्या, "मग तू बोल. वर्गात आलास तेव्हा तुला दुसरं काही येतच नव्हतं."

मी तोंड उघडलं. दोन-चार शब्द जुळवले. नाटकात गावंढ्याचं सोंग घेतात ना, तसं ते ऐकू आलं. क्रियापदं शुद्ध मराठीच यायला लागली. आपल्याच घरात शिरावं आणि दिव्याचं बटण सापडू नये, तशी माझी गत झाली. बाईंनी मान हलवली. "पुरे. येत नाही तुला. मीच काढून टाकलं."

खरंच होतं ते, आणि इतकी वर्षं मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पण आता ऐकलं तर काही गोड लागलं नाही.

"तुझी आई आली होती सभेला," बाई म्हणाल्या. "काय म्हणाली होती रे त्या दिवशी? एकदा म्हणून दाखव."

तेवढं एक वाक्य मला येत होतं. शब्द, सूर, शेवटचा हेल, सगळं. मी म्हटलं, "मना रवी शायामा नीट वागस ना, बाई?"

बाई ताठ बसल्या. मी ज्या बाजूला बसलो होतो तिकडे नाही, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "वागस माय, वागस. तुना पोऱ्या भलता गुनी शे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. ज्या बाईला हे उत्तर हवं होतं, ती त्यांच्या कितीतरी आधी गेलेली होती.