काचेचा तंगूस

तोंडात काच धरून कधी काम केलंय तुम्ही? इंदुबाईने केलंय, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. काच आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

इंदुबाई कासूजवळच्या खाडीकाठची. नवरा गेल्यावर जाळी विणून तिने घर उभं ठेवलं. रोह्याच्या बाजारात तिचं जाळं हातोहात जायचं. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, तिने कात्रीने कधी कापला नाही. गाठ आवळायची, दाताने तोडायचा, टोक थुंकायचं, की पुढची गाठ. सून रोहिणीही तिच्या हाताखाली तेच शिकली.

गावामागच्या बंद पडलेल्या मिठागरांवर एका कंपनीने पत्रे ठोकले आणि ड्रोन उडवायला घेतले. भुणभुण सुरू झाली की बगळे उठून जायचे, ते दिवसभर फिरकायचे नाहीत. ड्रोन गेला की मागे बांधावर, तिवरांवर, चिखलात केसासारखा बारीक धागा लांबच लांब पडून राहायचा. कंपनीने तो उचलला नाही. इंदुबाईने उचलला. फुकटचा तंगूस कोण सोडतो? गाठ मारली की काटकन मोडायचा, म्हणून गाठी नायलॉनच्या आणि बोयांवरचे, म्हणजे जाळं तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांवरचे, वेढे ह्याचे, अशी तिने सोय केली. टोकं मात्र दातानेच.

मग घशात टोचायला लागलं. चूळ भरली की पाणी लालसर.

"मासळीचा काटा आसंल," ती म्हणाली. रोहिणी म्हणाली, "आई, काटा इतके दिवस राहतो का गो?"

अखेर वडखळच्या रिक्षावाल्या अदनानने तिला रिक्षात घालून पेणच्या दवाखान्याची वाट धरली. अदनान कतारला इंटरनेटच्या केबल ओढून आलेला माणूस. दवाखान्यात बसल्या बसल्या काम व्हावं म्हणून इंदुबाईने अर्धं जाळं सोबत घेतलं होतं. ते आरशात दिसताच त्याने रिक्षा कडेला घेतली.

"मावशी, हा धागा कुठला?"

"ड्रोनची शेपटी हाय ती."

"शेपटी नाय, लगाम हाय. वायरलेस कोणी बंद पाडला तरी ह्याच्यातनं उजेड जातो, आन् ड्रोन हुकूम ऐकतो. आत काच हाय, मावशी. तू चावतेस काय ह्याला?"

इंदुबाईने दातांवरून जीभ फिरवली. मग तिचा चेहराच उतरला. "रोहिणी पण चावते रं. आन् माझी जाळी नेली त्या बाया? फाटलं की त्याबी दातानंच तोडतात."

डॉक्टर म्हणाले, कुसळं इतकी बारीक आहेत की फोटोत दिसत नाहीत. किती आत गेली, सांगता येत नाही.

परतताना ती थेट कंपनीच्या फाटकावर गेली. आदर्श नावाचा साहेब बाहेर आला.

"आमचा माल उचलायला कोणी सांगितलं? चोरी होते ती. बाहेर बोललात तर पोलिसात नाव जाईल."

"चोरी? माझ्या बांधावर तुझा धागा पडला, तो काय मी आवतण धाडून बोलावला व्हता?"

"विचार करा, मावशी." तो हसला आणि फाटक लागलं.

रोहिणी घाबरली. "आई, गप राहू या."

"गप राहिले तर तुझ्याच तोंडातनं रक्त येल, गो."

दुसऱ्या दिवशी इंदुबाई रोह्याच्या बाजारात उभी राहिली. घसा फाटला तरी ओरडली, "माझी जाळी परत आणा! त्यात काच हाय!"

"विकलेला माल परत मागते काय गो?" मासळीवाल्या हसल्या. त्यांच्यातली, तिचंच जाळं नेलेली धोंडुबाई तेवढी हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला होता, आणि तो लाल झाला होता.

धोंडुबाईचं जाळं परत आलं, आणखी थोडी आली. बाकीची कुंडलिका नदीच्या काठाकाठाने कुठल्या घरांत गेली, पत्ता नाही. इंदुबाईचा आवाज आता बसलाय. मिठागरांवरची भुणभुण चालूच आहे.

म्हणून आता तुम्ही उठा. घरात रोह्याहून आणलेलं जाळं असेल तर ते उन्हात धरा. बोयांवरचा धागा चकाकला तर त्याला दात लावू नका, शेजारणीलाही लावू देऊ नका. जाळं गुंडाळा आणि इंदुबाईच्या दारात आणून टाका.