काकूची मूठ

पेरणीचे दिवस आले की सगळ्या गावाला काकू हवी असायची. बी पेरायची बैलांची पाभर पुरुषानं हाकायची आणि तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी वाटीत, बाईनं मुठीमुठीनं बी सोडत चालायचं, अशी कामाची वाटणी. बैलांच्या चालीबरोबर मूठ सैल व्हावी लागते. जरा जास्त सुटली की बी एकाच नळीत तुंबतं, कमी सुटली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, कोरडं जातं. काकूची मूठ सुटतेय हे शेजारून चालणाऱ्यालाही कळायचं नाही. रान हिरवं झालं की कळायचं. म्हणून ती मुठीची काकू. तिचं खरं नाव सासरच्यांनाही चटकन आठवायचं नाही.

तिचं स्वतःचं रान मात्र दरसाल विरळ. एकाच तुकड्याच्या दोन वाटण्या, मधे बांध, पलीकडे धाकट्या दिराचं रान. माती एक, विहीर एक. नवरा गेला तेव्हा बैलजोडी दिराच्या गोठ्यात गेली. बाईमाणूस बैल घेऊन काय करणार, असं सगळ्यांनी ठरवलं. पुढं दिराच्या घराला स्लॅब झाला आणि काकूच्या छपराखाली एवढं गळायचं, की घरातली भांडी पुरायची नाहीत. बाईच्या रानाला बरकत नसते, असं लोक म्हणायचे. हेच लोक पहाटे तिच्या दारात उभे: काकू, आधी आमच्याकडं.

गोम इथंच होती. पाऊस उघडला की वाफसा येतो. माती हाताला चिकटत नाही, टणकही नसते. खेळ मोजक्या दिवसांचा. ते दिवस काकू दुसऱ्याच्या रानात. सगळ्यांचं उरकून बैल तिच्या बांधावर यायचे तोवर ढेकळांचे दगड झालेले असायचे.

त्या साली दिरानं गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. यंदाही गहू असाच आला तर रान मी कसतो, तुम्ही नुसतं कामाला येत जा, जिवाला त्रास नको. आपल्याच रानात मजुरीनं जायचं! काकू उठून चुलीतली राख काढत बसली.

वाफसा आला. दिरानं पाभर जुंपली आणि हाक मारली. काकू आली, कमरेला बियाची ओटी बांधूनच आली, पण बांध ओलांडेना. आपल्या बाजूला उकिडवी बसली आणि मूठभर माती दाबून बघू लागली.

"चला वहिनी, ऊन चढतंय."

"चढू द्या," काकू म्हणाली. "आज मूठ बांधाच्या अलीकडून सुरू होईल. मग तुमच्याकडं."

दीर हसला. म्हणाला, रुसवा समजतो मी, पण पेरणी काय अडून राहते होय? त्यानं सुनेला पुढं बोलावलं. सून पदर खोचत आली, सासऱ्याकडं बघितलं, काकूकडं बघितलं आणि जागेवरच थांबली.

"मामंजी, माझ्या मुठीनं गेल्या साली रानाला टक्कल पडलं होतं, तुम्हीच सगळ्या गावाला सांगितलंत. आता पुन्हा टक्कल पाडू का?"

शेजारच्या रानातला गडी खो खो हसला. दिरानं एकदा उन्हाकडं बघितलं, एकदा मातीकडं. बैल शेपट्या हलवत उभे. मग त्यानं कासरा ओढला आणि पाभर बांधावरून अलीकडं घेतली.

दुपारपर्यंत काकूचं रान पेरून झालं. मग ओटी पुन्हा भरून ती पलीकडं गेली, आणि तिथंही मूठ तशीच चालली. रागाचा एक दाणा इकडचा तिकडं पडला नाही.

गहू वर आला तेव्हा बघायला आम्ही सगळे गेलो. बघतच राहिलो. दोन्ही रानं एका उंचीची, एका रंगाची, तासाला तास लागलेलं. मधला बांध पायाला लागायचा, डोळ्यांना दिसायचा नाही. एवढं पीक या मातीत इतकी वर्षं होतं तरी कुठं?

दिरानं वाकून एक रोप बोटांत धरलं. "वहिनी, बी कुठून आणलं होतं?"

"तुमच्याच घरचं," काकू म्हणाली. "गेल्या सालच्या मजुरीतलं. दरसाल तेच पेरते."